भुसा धरून एक

माझ्या मावसाजींनी, म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात 'समजा' हा शब्द एकदाही उच्चारला नसेल. दुसऱ्या कुणाबद्दल सांगितलं असतं तर त्यात विशेष वाटण्यासारखं काही नव्हतं. पण मावसाजी जबलपुरात, तोफगाड्यांच्या कारखान्याच्या वस्तीतल्या मिडल शाळेत गणिताचे मास्तर होते, आणि 'समजा'शिवाय गणित शिकवणं म्हणजे मिठाशिवाय लोणचं घालणं. पुस्तकात तर पानोपानी समजा. समजा, एका टाकीला दोन नळ आहेत. समजा, एका पिशवीत क्ष आंबे आहेत. मावसाजी त्या शब्दावर पेन्सिलीने काट मारत आणि म्हणत, "काहून समजायचं? आणून दाखवा ना भैया!" आणि खरोखरच आणून दाखवत. सहावी आणि सातवी अशी दोन वर्षं मी त्यांच्या वर्गात काढली, आणि त्या वर्गात काय काय येऊन पडलं होतं याची यादी करायची तर भंगारवाल्याला बोलवावं लागेल.

टाकीचीच गोष्ट घ्या. ओमती मोहल्ल्यातल्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी तेलाचं रिकामं पिंप आणलं, एका मुलाच्या वडिलांकडून त्याला खाली तोटी बसवून घेतली आणि शाळेच्या नळाला रबरी नळी जोडून ते वर्गातच भरायला ठेवलं. पुस्तकाचं उत्तर सहा तास होतं. मधली सुट्टी झाली तरी पिंपात गुडघाभर पाण्यावर पाणी चढेना, कारण खालची तोटी वरच्या नळाहून मोठी निघाली. सोडलेलं पाणी मात्र वर्गातून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून हेडमास्तरांच्या खोलीत शिरलं. हेडमास्तर धोतर सावरत धावत आले. मावसाजी शांतपणे म्हणाले, "सर, टाकीतून गेलेलं पाणी जातं कुठे, हे पुस्तकात कुठंच लिहून नाही राहिलं." त्या दिवशी शाळा लवकर सुटली आणि हजेरीपट दोन दिवस उन्हात वाळत होते.

आमच्या बीजगणिताचा क्ष पनागरहून यायचा. तिकडची भाजीवाली बाई सकाळी टोपली घेऊन वस्तीत आली की मावसाजी तिच्याकडून मटार घेत, मूठ मूठ मोजून कापडी पिशव्यांत बांधत आणि तराजूत ठेवत. एका पारड्यात दोन पिशव्या आणि तीन सुट्या शेंगा, दुसऱ्यात नुसत्या तेवीस शेंगा. पिशवी न सोडता आतल्या शेंगा सांगायच्या. उत्तर निघालं की पिशवी सोडून खात्री करायची, आणि खात्री करता करता क्षमधल्या निम्म्या शेंगा वर्गाच्या पोटात जायच्या. उरलेल्या मावशीकडे. ती बिचारी पिशवी हातात घेऊन विचारायची, "आज पुन्हा क्षची उसळ का?"

एकाहत्तरचं युद्ध आलं तेव्हा साऱ्या गावाची झोप उडाली, मावसाजींची मात्र चंगळ झाली. आमचे वडीलधारे कारखान्यात तीन-तीन पाळ्यांत राबत होते, घरी येऊन जेवता जेवता डुलक्या घेत होते. शाळेच्या खिडक्यांना काळे कागद लागले. मावसाजींनी त्या कागदाला सुईने एक भोक पाडलं, आणि भर दुपारी अंधाऱ्या वर्गात उन्हाची जी एक काडी शिरली तिच्यावर डस्टर झटकून आम्हाला कोन मोजायला लावले. मग पटांगणात खंदक खणले गेले. सगळ्यांना ते खंदक वाटले, मावसाजींना त्यात ऋण संख्या दिसल्या. जमीन म्हणजे शून्य, खंदकाची पहिली पायरी उणे एक, दुसरी उणे दोन. आम्ही सातवीचा सगळा वर्ग तिथे चढत-उतरत बेरजा करत होतो, एवढ्यात सरावाचा भोंगा वाजला. बाकीचे वर्ग आरडाओरडा करत धावले. हेडमास्तर शिट्टी फुंकत आले आणि ओरडले, "मास्तर, तुमची मुलं कुठे आहेत?" मावसाजी काठावरून खाली वाकून बघत म्हणाले, "सगळी उणे चारवर आहेत सर. सुखरूप."

अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नव्हतं. त्यातून मावसाजी टेम्पररी होते. अकरा वर्षं टेम्पररी. दर एप्रिलला नोकरी संपल्याचं पत्र यायचं आणि दर जुलैला पुन्हा लागल्याचं. मधल्या काळात मावशी देवाला आणि पोस्टमनला सारख्याच भक्तीने हात जोडायची. माहेरहून आणलेली पितळेची भांडी तिने एका ट्रंकेत बांधून ठेवली होती. "हे कायम झाले की काढीन," म्हणायची. लग्नाला अकरा वर्षं होऊनही तिने स्वतःच्या पातेल्यात भात रांधला नव्हता. त्या हिवाळ्यात कळलं की मुआयना होणार आहे. इन्स्पेक्टर साहेब वर्ग बघतील, शेरा चांगला पडला तर मावसाजी जबलपुरातच कायम, नाहीतर सिहोऱ्याच्या शाळेत, आणि तिथेही टेम्पररीच. मावशीने मला जवळ घेऊन बजावलं, "तू हुशार आहेस. विचारलं तर नीट उत्तर दे, बाई."

आणि नेमके त्याच आठवड्यात आम्ही अपूर्णांक शिकत होतो.

अपूर्णांकासाठी मावसाजींना लाकडाच्या चकत्या हव्या होत्या. वर्गातल्या एका मुलीचे वडील कारखान्यात लाकडी साचे करणारे मिस्त्री होते. केसाएवढा फरक झाला तर साचा फेकून देणारा माणूस. त्यांनी सुट्टीच्या दिवशी घरी बसून सागाच्या दोन हुबेहूब चकत्या केल्या, दोन्ही तराजूत घालून दाखवल्या, आणि मग वर्गात सगळ्यांसमोर त्यातल्या एकीचे करवतीने तीन सारखे भाग केले. मावसाजींनी एका पारड्यात अख्खी चकती ठेवली, दुसऱ्यात तीन एक-तृतीयांश. अख्खीचं पारडं खाली गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं. मावसाजींचा चेहरा असा उतरला की आम्हालाच रडू यायला लागलं. मिस्त्री खजील होऊन म्हणाले, "मास्टरजी, करवत भी तो कुछ खाएगी!"

मावसाजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदम गुडघ्यावर बसून जमिनीवरचा भुसा गोळा करायला लागले. आम्हीही लागलो. तो भुसा कागदाच्या पुडीत बांधून तीन तुकड्यांशेजारी ठेवला. पारडं हललं, तरी थोडंसं उरलंच. मग मिस्त्रींनी आपली बाही पुडीवर झटकली आणि काटा सरळ उभा राहिला. वर्गाने टाळ्या पिटल्या. आम्ही सगळी सुतार-टर्नरांची पोरं, पातं आपला वाटा घेतं हे आम्ही घरी जेवताना ऐकलेलं होतं, पण ते गणितात बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी सगळ्यांनी वहीत लिहिलं : तीन एक-तृतीयांश बरोबर एक, भुसा धरून.

चार दिवसांनी इन्स्पेक्टर साहेब आले. लोकरीचा कोट, वर गळपट्टा, हातात शेऱ्याची वही. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि माझ्यावरच थांबवली. "बताओ बेटी, एक-तिहाई, एक-तिहाई और एक-तिहाई, कितना हुआ?" मला इतका आनंद झाला! मावशीचं पातेलं माझ्या डोळ्यांसमोर लखलखलं. मी ताठ उभी राहिले आणि वहीतलं वाक्य हिंदी करून खणखणीत आवाजात म्हणाले, "एक, साहब। बुरादा मिलाके।"

"क्या मिलाके?"

"बुरादा!" अख्ख्या वर्गाने मला साथ दिली.

साहेबांनी वही मिटली. ते मावसाजींकडे वळले. "मास्टरजी, लड़की ग़लत बोल रही है न?" त्यांचा स्वर तसा वाईट नव्हता. एक 'हो' म्हणायचा अवकाश, बाकीचं ते विसरले असते. मागे हेडमास्तर जोरजोरात मान हलवून मावसाजींना खुणावत होते. काहीतरी चुकलंय एवढं मला कळलं होतं. मावसाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग कोटाच्या खिशातून ती पुडी काढली आणि तळहातावर ठेवून पुढे केली. "साहब, कागज पर ग़लत है। लकड़ी में सही है।"

साहेबांनी पुडीला हात लावला नाही. एप्रिलमध्ये पत्र आलं, सिहोऱ्याचं.

सामान पोचवायला मीही बसने बरोबर गेले होते. पिंप, तराजू, चकत्या सगळं टपावर, आणि मी आत बसून वाटभर रडत होते. मावसाजींनी शेवटी विचारलं, "काहून रडून राहिली?" म्हटलं, माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, "अच्छा! आणि तुला शिकवलं कोणी? तुला खोटं पाडलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशी वर्गात कोणत्या तोंडाने गेलो असतो मी?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिकडे ऊस चांगला होते म्हणतात. कांड्या मोजून दशांश शिकवता येईल."

सिहोऱ्याच्या दोन खोल्यांत शिरल्यावर मावशीने पदर खोचला, ट्रंक ओढून मध्ये घेतली आणि उघडली. "आता कोणाची वाट पाहू? भांडी काळी पडून राहिली," ती म्हणाली, आणि मला चिंच आणायला पिटाळलं. त्या संध्याकाळी आम्ही घासलेल्या पितळेच्या पातेल्यातला भात खाल्ला. मावसाजींनी तीनदा घेतला. पुढे ते तिथेच केव्हातरी कायमही झाले. मला आलेल्या पोस्टकार्डात त्याचा उल्लेख शेवटी एका ओळीत होता, वरचं सगळं कार्ड उसाच्या दशांशांनी भरलेलं होतं.

आता मावसाजी नाहीत. मी स्वतः गणित शिकवते. आमच्या शाळेत अपूर्णांकांचा तयार डबा येतो, रंगीत प्लास्टिकचा, त्यातले तीन तुकडे एकमेकांना असे चिकटतात की मध्ये सुई जाणार नाही. मुलं एका सुरात सांगतात, "एक!" बरोबर आहे, मी फळ्यावर तसंच लिहिते. पण लिहून झाल्यावर मी लगेच पुढे जात नाही. खडू हातात धरून थोडी थांबते, मुलांच्या तोंडांकडे बघते. मला मावसाजींची फार आठवण येते तेव्हा. वाटतं, या एवढ्या वर्षांत एखाद्या तरी मुलीने हात वर करून विचारावं, बाई, भुसा कुठे गेला? त्या मुलीला मी चूक म्हणणार नाही. मग वहीत कुणाचा का शेरा पडेना.