पिशवी उतरली, मी नाही

तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेलच की तुमची आजी एकदा लग्नाच्या वेबसाइटवरच्या एका गृहस्थांना भेटायला नांदेडहून लातूरला गेली होती. ती हे हसत सांगते. तिचंही बरोबर आहे, माझं नाव तिथे तिनेच नोंदवलं होतं. पण त्या दिवशी बसमध्ये ती नव्हती, मी होते. म्हणून एकदा मीही सांगते.

तुमच्या आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि संध्याकाळी कोणाशी बोलावं हा प्रश्न रोज पडायचा. हे गृहस्थ लातूरचे, विधुर, सरकारी खात्यातून निवृत्त. ई-मेल इंग्रजीत लिहायचे आणि चांगलं लिहायचे, स्वल्पविराम जागच्या जागी. इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला तेवढंही पुरतं. मग फोन सुरू झाले. आवाज शांत होता. भेटायचं ठरलं तेव्हा मी सांगितलं की येणं-जाणं माझं मी एसटीने करीन, भेट दुपारी माझ्या मैत्रिणीच्या मेसमध्ये होईल आणि घराचा पत्ता इतक्यात विचारू नका.

"मी गाडी घेऊन नांदेडला येतो ना. कशाला धक्के खाता?"

"नको."

"बरं. तुम्ही म्हणाल तसं."

ही मैत्रीण आणि मी भूकंपाच्या वर्षी लातूरला एकाच शाळेत होतो. पुढे तिथे क्लासेसचं पेव फुटलं, गावोगावच्या मुली ट्रंका घेऊन येऊ लागल्या आणि तिने नोकरी सोडून मुलींची मेस काढली. माझा बेत ऐकून ती म्हणाली, "अगं, एवढ्या पोरी समोर वरणभात ओरपायल्या, तर तो माणूस बोलणार काय तुझ्याशी?"

"म्हणूनच तुझ्याकडे."

"म्हणजे माझ्या पोरींना फुकटचा सिनेमा. ये बाई."

त्या सकाळी मी बसमध्ये दाराजवळच्या बाकावर बसले. भूकंपाच्या पहाटे आमच्या दाराची चौकट तिरकी झाली होती आणि दार उघडेना. आजोबांनी खांद्याने धडका देऊन ते तोडलं. तेव्हापासून मी कुठेही बसण्याआधी दार बघते. लातूरकडच्या पुष्कळांना ही सवय लागली, कोणी बोलून दाखवत नाही. खिडकीशी शेतावरची एक बाई होती, लेकीकडे निघालेली. आमच्या दोघींच्या मध्ये माझी कापडी पिशवी. तिच्यात फोन, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि पैशाचं पाकीट.

लोह्याला गाडी थांबली. क्लासला निघालेल्या मुली, त्यांच्या ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, पोचवायला आलेले वडील, सगळे एकदम दाराशी. अशा वेळी आमच्याकडे सामान खिडकीतून जातं आणि माणसं दारातून, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तेवढ्यात खिडकीखालून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, उतरा. गाडी आणलीय."

फोटोतला चेहरा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हसू. बस कोणती हे मीच त्यांना कळवलं होतं, मेसवर वेळेवर या म्हणून.

मी तोंड उघडायच्या आत शेजारची बाई म्हणाली, "सर न्यायला आलेत की बाई तुमाला. उठा. दारात लई गर्दी हाय, पिशवी देते म्या." आणि तिने पिशवी खिडकीतून खाली दिलीसुद्धा. त्यांनी ती घेतली. इतक्या सहज घेतली की क्षणभर मलाही वाटलं, हे असंच ठरलेलं असावं.

"उतरायलात का मावशी?" कंडक्टरने मागून विचारलं. "लवकर करा."

मुली दारातून बाजूला झाल्या. वाट करून दिली माझ्यासाठी. सगळी बस एका म्हाताऱ्या जोडप्याला मदत करत होती. मी नुसती उठले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. आणि न उठण्यासाठी काय सांगावं लागणार होतं, तेही मला दिसत होतं. त्या भागात मला ओळखणारे जुने विद्यार्थी, त्यांचे आईबाप कुठेही भेटतात.

"माझं तिकीट लातूरचं आहे," मी म्हणाले. "मी उतरणार नाही. माझी पिशवी परत द्या."

"अहो, उतरून घ्या ना," ते हसत म्हणाले. पिशवी त्यांनी काखेत धरली होती.

बाईने माझ्याकडे पाहिलं. "भांडून राहिलात का? मालक न्हाईत का तुमचे?"

"नाहीत. आम्ही आज पहिल्यांदाच भेटणार आहोत. लातूरला."

 मागे कोणीतरी मुलगी फिसकन हसली आणि तिला कोणीतरी दटावलं. माझे कान तापले. पाय मात्र मी बाकाखाली घट्ट धरून ठेवले होते.

"कंडक्टर," मी म्हणाले, "पिशवी आत येईपर्यंत बेल देऊ नका."

"न्हाई देत."

गृहस्थांचं हसू जरा आखडलं. "माझ्यावर एवढाही विश्वास नाही का तुमचा?"

"तो ठेवायचा की नाही, हेच बघायला मी लातूरला निघाले आहे. तुम्ही मेसवर या."

ते तसेच उभे राहिले. मागे दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजत होता. मग शेजारच्या बाईने खिडकीतून कोपरापर्यंत हात बाहेर काढला. "आना इकडं. म्या दिली, मलाच द्या." त्यांनी दिली. तिने ती माझ्या मांडीवर आदळली आणि मलाच दटावलं, "आदी सांगायचं न्हाई का, बाई?"

अहमदपूर येईपर्यंत एक पांढरी गाडी आमच्या मागे होती. त्यांचीच असेल, नसेलही. मी मैत्रिणीला फोन करून झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "तू सरळ इकडं ये. बाकी बघू."

ते मेसवर आले. दाराजवळच्या खुर्चीत बसले. मी म्हणाले, तिथे मी बसेन. ते उठले, पण भुवया उंचावून. मुली पंगतीला होत्या, मैत्रीण भाजीची बादली घेऊन आमच्या आसपासच फिरत होती.

"लोह्याला तुम्ही फारच केलंत," ते म्हणाले. "चारचौघांत."

"तुम्ही तिथे का आलात?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"मी नको म्हटलं होतं."

"बायका आधी नकोच म्हणतात हो." ते मोकळेपणाने हसले. टोमणा नव्हता तो. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

शेजारच्या पंगतीतल्या एका मुलीचा घास हातातच राहिला. ती माझ्याकडे बघत होती, मी आता काय म्हणते ते ऐकायला.

"तुम्ही जेवून घ्या," मी म्हणाले. "जेवण झालं की निघा. मी इथेच थांबणार आहे. यापुढे मी फोन करणार नाही, तुम्हीही करू नका."

"एवढ्यावरून?"

"हो. एवढ्यावरून."

ते जेवले नाहीत. बाहेर त्यांची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं तेव्हा कुठे मी खुर्चीत मागे टेकले. मैत्रिणीने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "आता खा. तुझ्यामुळं पोरींनी आज भाजी दुसऱ्यांदा मागितली न्हाई."

तो माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही, आणि ते कळावं म्हणून त्याच्या गाडीत बसायची माझी तयारी नव्हती. तुमच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली, मग हसायला लागली. ते हसू अजून चालू आहे.

संध्याकाळच्या गाडीत मला बसवायला मैत्रीण स्टँडवर आली. लोह्याला गाडी पुन्हा तिथेच थांबली. खिडकीखाली कोणी नव्हतं, एक शेंगावाला सोडून. शेजारी आता दुसरी बाई होती. "पिशवी ठेवा की खाली," ती म्हणाली, "मी बघते."

"राहू द्या," मी म्हणाले. "मांडीवर बरी आहे."