मानेमागचा हूक

आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तिची चांदीची साखळी माझ्या गळ्यातून पडली. ती मी कायम घालायचे, पण मानेमागचा बारीक हूक लावून द्यायची ती आईच. एकटीने चाचपडत लावताना तो कडीत नीट अडकलाच नव्हता. मी डहाणूच्या एका शाळेत कारकून आहे. तिथल्याच पटांगणात शिपायाला साखळी सापडली म्हणून वाचली.

आईने ती तलासरीच्या एका म्हाताऱ्या सोनाराकडून घडवली होती. त्यांच्याकडे गेले.

"काका, एकटीला लावता येईल असा हूक करून द्या."

त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती. "माझ्याच्याने आता नाय होणार, बेन. तू कर. मी सांगतो."

मी नाही म्हणणार होते. पण रविवारी घरी बोलायलाही कुणी नसायचं. गेले, आणि मग दर रविवारी जातच राहिले.

आधी तांब्याची तार दिली. पक्कडीने तिला वळण द्यायचं, कानशीने टोक गुळगुळीत करायचं. हूक डोळ्यांना नाही, बोटांना कळला पाहिजे, म्हणून जरा मोठा. काका तो ओढून बघायचे आणि तो सरळ व्हायचा.

"नरम."

ऐरणीवर हलकं ठोकलं की तार कडक होते, हे शिकले. एकदा छान ठोकला आणि मग कडी जोडायला आच दिली. पुन्हा नरम!

"आधी आच, मग हातोडी," काका एवढंच म्हणाले.

दुपारी आम्ही माझ्या डब्यातलं खायचो. ते फार बोलत नसत. तरी कुणासोबत तरी जेवतेय, एवढंही मला पुरायचं.

चांदीच्या हुकाला कडी जोडून झाली, फक्त ठोकायचा राहिला, आणि पुढच्या रविवारी दुकान बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, "पडले ना ते. मुलगा वापीला घेऊन गेला." मला कुणी कळवलं नव्हतं. कळवायला मी त्यांची होते तरी कोण?

हूक गेल्या रविवारीच डब्यात घालून घरी आणला होता. लोखंडी खल पालथा घालून त्यावर तो ठोकला. चहावाल्याकडून पत्ता घेऊन वापीला गेले.

काका पलंगावर होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी हूक त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो ओढला. पुन्हा ओढला.

"कोणी केला?"

"मी."

"शिकवला कोणी?"

मी त्यांच्या मुलाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"तलासरीच्या एका सोनाराने," मी म्हटलं.

"कारागीर चांगला हाय," ते म्हणाले आणि हूक मुठीत धरून डोळे मिटले.

मी तो परत मागितला नाही. घरी येऊन दुसरा केला. त्याचं वळण तितकं जमलं नाही.