अक्कांचं विमान

अक्का गेल्या त्या सकाळी मी त्यांच्यासाठी डब्यात मऊ खिचडी भरत होते. उदगीरहून लातूरच्या दवाखान्यात जायला गाडी दारात उभी होती, तेवढ्यात अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे भासरे, थोरले दीर, अक्कांचे यजमान. घरात ते कामापुरतंच बोलतात. त्या दिवशीही तेवढंच बोलले. "संगीता, डबा आणू नको…" पुढं काही विचारायची गरज पडली नाही. खिचडीची वाफ डब्यातून वर येत होती आणि मी झाकण हातात घेऊन नुसती उभी राहिले.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. महानंदा हे त्यांचं नाव पत्रिकेपुरतंच उरलेलं, एरवी घरात नि गल्लीत सगळ्यांच्याच त्या अक्का. आमचं आडतीचं घर, पाहुण्यांचा राबता मोठा. अक्का सगळ्यांचं निगुतीनं करायच्या आणि स्वतःबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. त्यामुळं एका घरात इतकी वर्षं राहूनही मला त्या खऱ्या भेटल्या त्या पाच-सहा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात.

गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि अक्का पाण्याच्या टाकीच्या सावलीत राखण करत बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले, तर चिमण्या खुशाल कुरडया टिपत होत्या आणि अक्कांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांच्या नातीचा गेम त्यांच्या हातात होता. त्यांच्या हैदराबादच्या मुलानं लेकीसाठी आणलेला तो गेम तळहातापेक्षा थोडा मोठा, दोन्ही बाजूंना बटणं असलेला. त्यात जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमधले शेकडो खेळ भरलेले होते. पोरीला ते जुनाट वाटले आणि सुट्टीनंतर ती गेम इथंच टाकून गेली होती.

"अक्का, काय करून राहिलात?"

"विमान चालवून राहिले. बस गप."

मी बसले. अक्कांचे अंगठे असे चालत होते, की शेवया वळतानाही त्यांचे हात इतके चपळ मी पाहिले नव्हते. विमान पडलं तेव्हा कुठं त्यांनी चहाकडं पाहिलं, आणि मग हळूहळू माहेरचं नांदेड निघालं…

नांदेडला स्टेशनजवळ त्यांच्या वडिलांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. भिंतीला लागून माणसाएवढ्या उंच पेट्या, नाणं टाकलं की खेळ सुरू. सकाळी झाडून काढायचं आणि काचा पुसायच्या हे काम अक्कांचं. पुसून झालं की वडील पेटीचं कुलूप काढून आतूनच विमानाचा एक डाव लावून द्यायचे. "बटनं चालतेत का बघ गं महानंदे," म्हणायचे. बटणं चालायचीच, पण बघायचं रोज. गिऱ्हाईक आलं की डाव अर्धा टाकून आत जायचं, कारण बाजारातल्या दुकानात वयात आलेल्या पोरीनं पेटीशी उभं राहणं बरं दिसत नव्हतं. पुढं घरोघरी टीव्हीला जोडायचे गेम आले, पार्लर बंद पडलं, आणि अक्का लग्न होऊन उदगीरला आल्या. तोच विमानाचा खेळ नातीच्या गेममध्ये त्यांना सापडला होता.

"शेवटाला काय असतंय, ते कधी बघायलाच मिळालं न्हाई," त्या म्हणाल्या.

"मोबाईलवर बघून सांगू का?"

"खबरदार!"

मग आमच्या दुपारी गच्चीवर जाऊ लागल्या. त्यांनी मलाही शिकवलं. माझं विमान सारखं पडायचं. "आपल्या इमानाकडं काय बघतीस? ते कुठं पळून जाणार हाय? वरून काय येऊन राहिलंय ते बघ." मला जमलं नाही ते नाहीच. पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसायचं, एवढ्यासाठी मी झराझरा स्वयंपाक उरकायची.

मग आजार आला. लातूरच्या दवाखान्यात दिवसा मी असायची आणि संध्याकाळपासून रात्रभर अण्णा. सलाइनमुळं अक्कांचा उजवा हात सुजला, बटण दाबलं जाईना. तेव्हा त्या डाव्या हातानं विमान फिरवायच्या आणि गोळ्या मी झाडायची. "हाण… थांब… हाण," असं त्या हळूच सांगायच्या. एका दुपारी शेवटचं राक्षसासारखं जहाज फुटलं. आम्ही दोघी श्वास रोखून बघत राहिलो. पडद्यावर दोन ओळी आल्या, गेल्या, आणि खेळ पुन्हा पहिल्या समुद्रावर येऊन उभा राहिला. बस्स, एवढंच होतं.

अक्का इतक्या हसल्या, की नर्स धावत आली. "एवढ्यासाठी जल्मभर जीव टांगला होता गं माझा!" डोळे पुसून म्हणाल्या, "चल, हाण. आलं बघ पहिलं."

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. अक्कांना बसवलं, डाव्या तळहातावर त्यांचं इष्टलिंग ठेवलं. सगळे पाया पडत होते आणि मी त्या निश्चल अंगठ्याकडं बघत होते…

परवा दुपारी मी गच्चीवर एकटीच गेम घेऊन बसले होते. जिन्यात पावलं वाजली, अण्णा आले. मी डोक्यावर पदर घेऊन उठायला लागले, तर म्हणाले, "बस." स्वतः टाकीच्या कठड्यावर टेकले.

"मी आलो की ती हे उशाखाली सारायची. मला दिसायचं. पन कधी इचारलं न्हाई." त्यांनी गेमकडं बोट केलं. "खेळताना काही बोलायची का गं?"

मला संकोच वाटला. पण खोटं सांगवेना. "शिव्या द्यायच्या, अण्णा."

"कोन? महानंदा?"

"हाव. 'आला का रे मुडद्या? ये, ये, तुझी मस्तीच जिरवते,' म्हणायच्या. मोठं इमान आलं की, 'ढोल्या, घरी खायला मिळंना का तुला?'"

अण्णांच्या संसारात अक्कांचा आवाज कधी चढला नव्हता. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते. हसता हसता त्यांनी उपरणं तोंडाला लावलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

मग हळूच म्हणाले, "अजून… अजून काय म्हनायची?"