न पाठवलेला इशारा

मोबाईलवर येणारे वीज-पावसाचे इशारे गावाच्या ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे होतं. मे महिन्यात लागोपाठ तीन दुपारी मी इशारा टाकला आणि थेंबही पडला नाही. लोक हसले. चौथ्या दुपारी लख्ख ऊन होतं, म्हणून आलेला इशारा मी टाकलाच नाही.

पाऊस वर डोंगरात झाला आणि कोरड्या नदीला लोंढा आला. पात्रात टरबुजं तोडणारी शेजारची चाची काठच्या बाभळीला धरून वाचली. तिच्या दोन्ही शेळ्या वाहून गेल्या.

संध्याकाळी तिनं विचारलं, "इशारा आलता का रे?"

"न्हाई, चाची," मी म्हणालो.

"मंग तू तरी काय करणार," म्हणत तिनं मला चहा दिला. मी तो प्यायलो. खरं अजून सांगितलेलं नाही.