नदी बंद होती तेव्हा

सानगडीच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवायची. त्यात दरवर्षी एक धडा यायचा, केंद्राचे अधिकार आणि राज्यांचे अधिकार. फळ्यावर तीन रकाने आखायचे आणि विचारत जायचं. पोलीस कोणाकडे? राज्याकडे. सार्वजनिक आरोग्य? तेही राज्याकडे. एका राज्यातली साथ दुसऱ्या राज्यात जाऊ न देणं? ते दोघांकडे, केंद्राकडेही आणि राज्याकडेही. पोरं पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि मोकळी व्हायची. मी मात्र तो धडा कसाबसा उरकायची. माझा स्वभाव आधीच तिरसट, त्या तासाला तर पोरं माझ्याकडे मान वर करूनही बघत नसत.

माझं माहेर नाकाडोंगरीच्या पुढे, बावनथडीच्या काठावर. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्यप्रदेश. हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत असून काही फरक पडत नव्हता. उन्हाळ्यात नदीत घोटाभर पाण्याची एक धार उरायची, बाकी सगळी वाळू. बाबा किराणा विकायचे. त्यांचा एक आठवडी बाजार या थडीला, म्हणजे या काठाला, आणि एक त्या थडीला असायचा. तिकडच्या पोरी इकडे सुना, इकडच्या तिकडे. तिकडचं कोणी जास्त आजारी पडलं तर बैलबंडीत घालून आमच्याच गावावरून तुमसरच्या दवाखान्यात न्यायचे, कारण त्यांचा मोठा दवाखाना फार लांब होता.

माझी मोठी बहीण अशीच पलीकडे दिलेली होती. आमच्या परसातून तिच्या गावची आंब्याची झाडं दिसायची. लग्न होऊन ती गेली तेव्हा माय रडलीसुद्धा नाही. म्हणाली, कायले रडू, हाक मारली तर ऐकू येते. बहीण चेष्टेखोर होती. सणाला आली की दारातूनच ओरडायची, परदेशातून पाहुणी आली, चहा ठेवा. आम्ही हसायचो. 

त्या उन्हाळ्यात तिला दिवस होते. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि मी शिक्षिकेचं प्रशिक्षण संपवून घरी बसले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सातवा सरत आला तेव्हा आमच्याकडे घर शाकारणं चाललं होतं, छपरावरची कवेलू उतरवलेली, म्हणून मायने आठ दिवस थांबू म्हटलं. त्या आठ दिवसांत आठवा लागला. भाऊजी, म्हणजे बहिणीचा नवरा, स्वतः येऊन म्हणाले की उद्या बंडी जुंपून आणून सोडतो. मायने साफ नाही म्हटलं. आमच्याकडे आठव्या महिन्यात लेकीला हलवत नाहीत, आणि नदी तर ओलांडू देतच नाहीत. आठव्यातलं लेकरू वाटेत जीव सोडतं, असं मायच्या मायने तिला सांगितलेलं. नववा लागला की पहिल्याच सोमवारी आणू, असं ठरलं. मायने डिंकाचे लाडू बांधायला घेतले. जुनी लुगडी धुऊन, उन्हात वाळवून, दुपट्यांसाठी फाडून ठेवली.

आणि त्या महिन्यातच पलीकडे हगवणीची साथ सुरू झाली. साथ बहिणीच्या गावात नव्हती. खूप आत, दोन-तीन गावांत होती. पण माणसं मरत होती, हे खरं होतं. एके दिवशी कोतवाल दवंडी देऊन गेला की नदी बंद. पलीकडचं माणूस अलीकडे येणार नाही आणि अलीकडचं पलीकडे जाऊन परत येणार नाही. जो ऐकणार नाही त्याला पोलीस धरून नेतील. तिकडच्या सरकारनेही आपल्या थडीवर शिपाई उभे केले. आमच्या घाटावर एक जमादार आणि दोन शिपाई येऊन बसले. त्यांनी बांबू आडवा बांधला, चुन्याची रेघ मारली. वाळूवर चुन्याची रेघ किती टिकणार, पण रोज सकाळी ते ती नव्याने मारायचे.

जमादार वाईट माणूस नव्हता, हे मला आधी सांगितलं पाहिजे. तो एकोडीकडचा, धानाच्या शेतीतल्या घरातला. दुपारी आमच्या पडवीत येऊन पाणी प्यायचा, मायला काकू म्हणायचा. आम्हा सगळ्यांना सुया टोचून घ्यायला त्यानेच लावलं. गावातले लोक सुरुवातीला त्याच्यावर चिडले, मग त्याला चहा पाजू लागले. भीती सगळ्यांनाच होती. नदी बंद केली ते बरं झालं, असं आमच्या गल्लीत सगळेच म्हणत होते. बाबाही म्हणत होते. मायने लाडवांचा डबा उतरंडीवर ठेवून दिला आणि महिनाभरात उघडेल सगळं, असं स्वतःलाच सांगत राहिली.

नववा लागला तरी नदी उघडली नाही. मग एका सकाळी पलीकडच्या थडीवर बंडी दिसली. भाऊजी बंडी हाकत वाळूत आले आणि धारेच्या अलीकडे, चुन्याच्या रेघेपाशी, शिपायांनी त्यांना थांबवलं. तिकडच्या शिपायांनी त्यांना येऊ दिलं होतं, बाई अडली आहे म्हणून. बंडीवर चादरीचा आडोसा होता आणि आत बहीण होती. रात्रीपासून कळा देत होती, मूल आडवं आलं होतं. तिथल्या सुइणीने हात टेकले आणि सांगितलं, तुमसरला न्या, वेळ घालवू नका.

जमादाराने भाऊजींचं सगळं ऐकून घेतलं. मग तो बाबांना बाजूला घेऊन बोलला. त्याच्या हातात जे आहे ते तो करतो, पण बंडी अलीकडे सोडायचा अधिकार त्याला नाही. त्याने एका शिपायाला सायकलवर ठाण्यात पिटाळलं. ठाण्यातून फोन तहसीलला गेला. तहसीलने विचारलं, बाई कोणत्या गावची? त्या गावात साथ नाही, असं तिकडच्या साहेबाने कळवलं पाहिजे, मग सोडू. आता तिकडच्या साहेबाला कोण विचारणार? आमचं ठाणं तिकडच्या ठाण्याला परस्पर विचारू शकत नव्हतं. इकडून वर जायचं, वरून तिकडे जायचं, तिकडून खाली यायचं. शिपाई तीनदा सायकलवर गेला आणि आला. आमच्या दोन थड्यांमध्ये नुसती हाक मारली तर उत्तर येत होतं. पण सरकारांना हाक मारता येत नाही. मला तेव्हा राग आला होता, आजही येतो, आणि तो कोणावर काढायचा ते आजही कळत नाही.

ऊन चढलं. वाळू तापली. आम्ही बांबूच्या अलीकडे उभे होतो आणि बंडी दगड मारला तर लागेल इतक्या जवळ होती. बहिणीचा आवाज येत होता. आधी मोठ्याने, मग कमी.  माय आमच्या गावातल्या सुइणीकडे जाऊन आली, पण सुइणीच्या मुलांनी तिला पाठवायला नकार दिला. मी त्यांना दोष देत नाही. माय परत आली, तिने पदर खोचला, लाडवांचा डबा आणि धुतलेल्या दुपट्यांचं गाठोडं घेतलं आणि बांबूपाशी गेली.

जमादार आडवा आला.  "काकू, तिकडं जाशील त मले तुले परत येऊ देता येणार नाही. माह्या हातात नाही ते."

माय म्हणाली, "परत याले कोण सांगते तुले? मले जाऊ दे."

जमादाराने तिच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. बाबाही निघाले होते, तर मायने त्यांना मागे ढकललं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी एकटी पडले असते म्हणून बाबा थांबले. माय वाकून बांबूखालून गेली. तापलेल्या वाळूतून अनवाणी चालत गेली. चपला अलीकडेच राहिल्या होत्या. ती चादरीआड गेली आणि मग आम्हाला काही दिसलं नाही.

दिवस कलता कलता लेकराचं रडणं ऐकू आलं. घाटावर जमलेल्या बायांनी हात जोडले. बाबा खाली बसले. मला वाटलं, झालं, सुटली. मग मायचा आवाज आला. ती बहिणीला हाक मारत होती, लहानपणीच्या नावाने. एकदा, दोनदा, आणि मग मारतच राहिली. बैल दावणीचे असावेत तसे मुकाट उभे होते आणि भाऊजी चाकाला धरून उभे होते. तेव्हा आम्हाला कळलं.

परवानगी त्यानंतर आली. शिपाई सायकल टाकून धावत आला, सोडा म्हणून सांगत. जमादाराने टोपी काढली आणि भाऊजींना सांगितलं, जाऊ शकता.  भाऊजींनी बंडी वळवली. माय बंडीत बसून राहिली, मांडीवर एक लेक आणि छातीशी दुसरी. आम्ही बांबूच्या अलीकडे होतो. मला माझ्या बहिणीचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही.

त्यानंतर नदी उघडेपर्यंत माय पलीकडेच राहिली. रोज दिवस मावळायच्या आधी ती तिकडच्या थडीवर यायची, आम्ही इकडे जायचो. बाबा ओरडून विचारायचे, पोरगी दूध पिते काय? ती ओरडून सांगायची, पिते, शेळीचं. एवढंच बोलणं व्हायचं. दुःखाचं असं ओरडून बोलता येत नाही. जमादार त्या वेळी पाठ करून बसायचा. पुढे तो आमच्या पडवीत पाणी प्यायला कधी आला नाही.

आमच्या गावात साथ आली नाही. एकही माणूस गेलं नाही. नदी उघडली तेव्हा लोक म्हणाले, बंदोबस्तामुळे गाव वाचलं, आणि ते खोटं नव्हतं. शेजारची लेकरं अंगणात खेळत होती. मी त्यांच्याकडे बघायची आणि मला वाटायचं, यांच्यातलं एखादं गेलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? असा विचार करून काही मन निवत नाही. मायनेही कधी जमादाराला शिव्या दिल्या नाहीत, सरकारला दिल्या नाहीत. ती फक्त आठव्या महिन्याबद्दल बोलायची. जावई बंडी जुंपून आणतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. हे ती भाकरी थापताना म्हणायची, गोठ्यात म्हणायची, कोणी नसलं तरी म्हणायची. बाबांनी तिला किती समजावलं. तिने ऐकलं नाही.

भाची कधी पलीकडे, कधी आमच्याकडे अशी वाढली. ती वाळूत जन्मली, दोन थड्यांच्या मधे. मी पुढे सानगडीला नोकरीला लागले आणि तिथेच लग्न होऊन राहिले. सानगडी आणि माहेर यांच्यामध्ये राज्याची सीमा नाही. तुमसरहून बस मिळते. मला दिवस राहिले तेव्हा मी मायला कळवलं. सासूबाईंनी ठरवलं होतं, नववा लागला की पाठवू, आठव्यात कोणी लेकीला हलवतं का?

आठवा लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी माय दारात उभी. सोबत भाची, तिच्या पदराला धरून. प्रवासाने दोघी धुळीने माखलेल्या. सासूबाईंनी रीत सांगितली, महिनाभर थांबा म्हणाल्या, आता तर काही साथ नाही, बंद नाही, मग घाई कायले? मायने पाणीसुद्धा घेतलं नाही. आठव्यात न हलवायची रीत खरं तर माझ्या मायच्याच घरची होती, तिच्या मायने तिला सांगितलेली. माय माझ्याकडे बघून म्हणाली, "चाल बाई. रस्ता उघडा आहे तोवर चाल."