अर्धा हिरवा, अर्धा जांभळा

मफलरताईच्या मफलरवरचं हरीण बकरीसारखं दिसतं, हे तिला स्वतःलाही मान्य आहे. फुटबॉल क्लबच्या खऱ्या चिन्हातलं हरीण उडी मारतं, त्याची शिंगं डौलदार आहेत आणि मान मागे वळलेली आहे. ताईनं शिंगं आखूड केली, मान सरळ केली आणि उडी काढूनच टाकली. चिन्ह हुबेहूब उतरवलं की क्लबची माणसं येऊन माल उचलून नेतात. पूर्वी दोनदा नेला होता. तेव्हापासून तिची बकरी स्टेडियमच्या पश्चिम गेटबाहेर राजरोस चरते. कुणी तपासायला आलाच तर ताई त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारते, "हे तुम्हाला हरीण वाटतं?" तो बकरीकडे बघतो, ताईकडे बघतो आणि पुढे जातो.

ताईचं वय अठ्ठावन्न. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. त्यातल्या उजेडाच्या खोलीत आईचं विणायचं यंत्र राहतं आणि अंधाऱ्या खोलीत ताई. यंत्र म्हणजे खिडकीला लागून ठेवलेली एक लांबलचक पट्टी, तिच्यावर ओळीनं सुया, आणि डावीकडून उजवीकडे घर्रकन ओढायची एक मूठ. आईनं या मुठीवर दोन पोरं वाढवली. ताईनं लग्न केलं नाही. मग यंत्र कोण चालवणार, असं ती विचारणाऱ्यांना सांगायची, आणि पुढे पुढे विचारणारेच संपले.

तिच्या मालात एक नग असा की त्याला खरा चाहता हातही लावत नाही. तो म्हणजे दुरंगी मफलर. अर्धा आपल्या हिरव्या संघाचा, अर्धा पाहुण्यांचा, जांभळ्यांशी सामना असेल तर जांभळा, वर सामन्याची तारीख. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आणि कट्टर माणसाला तर हा मफलर बघूनच मळमळतं. घेणारे लोक वेगळेच असतात. नवरा हिरव्यांचा आणि बायको जांभळ्यांची, असं एखादं जोडपं. दोन दिवसांसाठी गावात आलेला प्रवासी. नाहीतर कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला एखादा सज्जन. दुसऱ्या दिवशी तारीख उलटली की त्या मफलरला कुत्रंही विचारत नाही.

बाकीचे विक्रेते असले मफलर कारखान्यातून आणतात. ताईचे मात्र शिवलेले असत, आणि त्याला कारण तिचा धाकटा भाऊ. धाकटा लग्न करून चार तासांवरच्या गावी, म्हणजे जांभळ्यांच्या गावी राहायला गेला. तिथेही त्यानं मफलरच विकायला घेतले, कारण दुसरं त्याला येत काय होतं? खरी जांभळी लोकर त्याच्याच गावात मिळायची. इथे मागितली की दुकानदार वांग्याचा रंग दाखवायचा. म्हणून दोघांनी ठरवलं की हिरवा अर्धा ताई विणणार, जांभळा अर्धा धाकटा विणणार, आणि सामन्याच्या सकाळी स्टेडियमला टेकून बसून दोघं मिळून जोडणार. वर्षात दोन सामने व्हायचे. एकदा तो इकडे यायचा, एकदा ती तिकडे जायची. इकडे त्यांची जागा ठरलेली होती, चार नंबरच्या बंद पडलेल्या तिकीट खिडकीखालचा कट्टा. सुई चालायची आणि जीभ तिच्या दुप्पट चालायची.

अकरा वर्षांपूर्वी आई गेली. त्या दिवशी जांभळ्यांच्या गावी चषकाचा अंतिम सामना होता. मफलरवाल्याचं अख्खं वर्ष अशा एका दिवसावर उभं असतं. आईला सकाळपासून ताप होता आणि ती सारखं धाकट्याचं नाव घेत होती. दुपारी ताईनं त्याला फोन केला.

"निघू का?" त्यानं विचारलं.

ताईनं खाटेकडे पाहिलं. आईचा डोळा लागला होता, श्वास बरा चालला होता. ताई म्हणाली, "आई बरी आहे. मॅच करून ये."

संध्याकाळी पावणेसहाला आई गेली. धाकटा पहाटेच्या बसनं पोचला तेव्हा खोलीत शेजारपाजारचे बसले होते आणि ताई दारात उभी होती. सगळ्यांदेखत ती त्याला म्हणाली, "झाली का तुझी मॅच?"

तो मान खाली घालून आत गेला. येऊ नको असं आपणच म्हणालो होतो, हे ताईला त्या क्षणीही ठाऊक होतं. पण आई ज्याला हाका मारत होती त्याला आपण थांबवलं, हे ओझं तिला एकटीला पेलेना, म्हणून तिनं ते त्याच्या डोक्यावर टाकलं. माणूस असं करतो. मग जन्मभर त्याचं तोंड कडू राहतं.

त्यानंतर अबोला. पण सामने काही कुणाच्या अबोल्यासाठी थांबत नाहीत. पुढची चार वर्षं दोघं सामन्याच्या सकाळी भेटत राहिले आणि शेजारी बसून शिवत राहिले. "कातर." "हं." "सुई." "घे." "झाले?" "झाले." एवढ्या संवादावर त्यांनी आठ सामने काढले. दर वेळी ताई ठरवून जायची की आज सांगायचंच, मीच तुला थांबवलं होतं. वाक्य पार दातांपर्यंत यायचं. मग ती त्याच दातांनी दोरा तोडायची आणि उठायची.

आणि मग जांभळे पडले. एकामागून एक सामने हरून खालच्या गटात गेले. हिरवे वर, जांभळे खाली. सामनाच होईना, तर अर्धा मफलर कसला आणि जोडायचा कुणाशी?

सात वर्षं गेली. आता कुणी म्हणेल, फोन होता, बस होती, मग अडलं कुठे? ताईनं फोन चारपाच वेळा हातात घेतला होता. पण फोनवर म्हणणार काय? बरा आहेस ना, इकडे ऊन फार आहे, आणि हो, ते दारातलं वाक्य मी परत घेते? असं बोलायला हातात काम लागतं, मान खाली असावी लागते, शेजारी बसलेल्याचा कोपर आपल्या कोपराला लागावा लागतो. धाकट्यानंही कधी फोन केला नाही. दोघं एकाच आईची, एक दगड तर दुसरा धोंडा.

म्हणून ताईनं एक असं काम केलं, जे पश्चिम गेटला कळतं तर तिचं गाठोडं रस्त्यावर उधळलं गेलं असतं. हिरव्यांचे मफलर विकता विकता ती जांभळ्यांच्या विजयाची वाट बघू लागली. खालच्या गटाचे निकाल कुणी विचारत नाही, पण ताईला ते तोंडपाठ होते. जांभळ्यांचा गोलरक्षक जायबंदी झाला तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही. शेजारी शिट्ट्या आणि भोंगे विकणारा शिट्टीवाला हे बरेच दिवस बघत होता. एकदा त्यानं विचारलंच.

"ताई, आत हिरव्यांनी गोल मारला, तुम्ही ढिम्म. आणि मोबाईल बघून आत्ता हसलात. पाणी कुठे मुरतंय?"

"जांभळे जिंकले," ताई म्हणाली.

"मग आपल्याला काय त्याचं?"

"ते वर आले की माझा भाऊ येईल."

शिट्टीवाल्यानं इकडेतिकडे बघितलं. "हळू बोला," तो म्हणाला. पण पुढच्या आठवड्यापासून जांभळ्यांचा निकाल तोच आधी शोधून सांगू लागला.

सातव्या वर्षी जांभळे वर आले. शेवटच्या सामन्यात त्यांना विजय हवाच होता. ताई मफलरांना इस्त्री करत मोबाईलवर वर्णन ऐकत होती, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तिनं एक अख्खी बकरी जाळली. जिंकले. जळक्या लोकरीच्या वासात ती खाटेवर बसली आणि पोटभर रडली.

सामन्याची तारीख लागली तशी तिनं मूठ हातात घेतली. रोज दहा, असे एकशेवीस हिरवे अर्धे विणले, आणि जोडायच्या बाजूचे टाके मोकळे सोडले.

"फोन करून विचारा तरी," शिट्टीवाला म्हणाला. "एवढा माल केलात. त्याचे अर्धे नाही आले तर?"

"विचारायचं काय त्यात? मॅच आहे म्हणजे अर्धे लागणार," ताई म्हणाली. पण झोपेत तिला तेच दिसायचं, एकशेवीस अर्धे, आणि शेजारी कट्टा रिकामा.

सामना तीनचा. ताई सकाळी आठलाच चार नंबरच्या खिडकीखाली जाऊन बसली. नऊ वाजले, दहा वाजले. झेंडेवाले आले, टोपीवाले आले. साडेदहाला चाकांची बॅग ओढत एक पांढऱ्या केसांचा माणूस कोपऱ्यावरून वळला. ताईनं आधी ओळखलं नाही. मग त्यानं डावा खांदा उडवून खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा सावरला, आणि तिला तो ओळखू आला. वडील असाच खांदा उडवायचे.

"ताई," तो म्हणाला.

"आलास," ती म्हणाली. "बस."

त्यानं बॅग उघडली. आत प्लास्टिकच्या पिशव्यांत घडी घातलेले शंभर मफलर होते. पूर्ण मफलर. अर्धे हिरवे, अर्धे जांभळे, कारखान्यात सलग विणलेले, मधोमध तारीख. शिवायला काही उरलेलंच नव्हतं.

"मशीन विकलं मी," धाकटा म्हणाला. "चार वर्षं झाली. मला वाटलं, तूही बंद केलं असशील. म्हणून दोघांचे मिळून आणले."

ताईनं एक पिशवी फोडून मफलर पसरला. "हे तर खरंच हरीण आहे," ती म्हणाली. "पकडतील तुला."

"जांभळा बघ ना. वांगीच आहे निव्वळ."

तेवढ्यात त्याची नजर तिच्या गाठोड्यावर गेली. एकशेवीस हिरवे अर्धे, मोकळ्या टाक्यांचे. त्याला कळलं. ताईला सात वर्षं ज्या कामाची ओढ होती ते काम तिच्यासमोर प्लास्टिकमध्ये तयार होऊन पडलं होतं. आता दोघांनी आपापला माल उचलायचा आणि आपापल्या गेटवर जायचं, एवढंच राहिलं होतं.

"बरं झालं," ताई म्हणाली. "वेळ वाचला." आणि ती गाठोडं बांधायला लागली. गाठ काही नीट बसेना.

धाकट्यानं तिच्या पत्र्याच्या डब्यातून आईची कातर उचलली. एक कोरा करकरीत मफलर मांडीवर घेतला आणि बरोबर तारखेवरून मधोमध कापला.

"वेड लागलं का तुला? चांगला माल!"

"सुई दे," तो म्हणाला.

"कापलेलं उसवेल."

"मग दुमडून शिव. मला काय शिकवतेस?"

त्यानं दुसरा कापला, तिसरा कापला. कारखान्याचं हिरवं हरीण बाजूला, वांगी अर्धा ताईच्या पुढ्यात. सुईत दोरा ओवायची वेळ आली तेव्हा कळलं की दोघांनाही दिसत नाही. शेवटी शिट्टीवाल्याला बोलावलं. त्यानं कापलेल्या मालाकडे बघून कपाळाला हात लावला आणि मुकाट्यानं दहा सुया ओवून दिल्या.

मग दोघं शिवायला लागले. "कातर." "हं." कोपराला कोपर लागत होता. सहावा मफलर चालू असताना ताईनं मान वर न करता सांगून टाकलं.

"त्या दिवशी मीच तुला थांबवलं. आई बरी आहे, मॅच करून ये, असं मीच म्हणाले होते."

धाकट्यानं टाका पूर्ण केला. "माहीत आहे," तो म्हणाला. "फोन मीच घेतला होता ना."

"मग दारात बोलला का नाहीस? सगळ्यांसमोर?"

"तुला धड उभंही राहवत नव्हतं, ताई. त्यात मी काय बोलू?"

"आणि नंतर?"

"नंतर तू बोलशील म्हणून थांबलो. मग जांभळे पडले."

ताईनं दोरा दातांनी तोडला. डोळ्यांतलं पाणी बकरीवर पडलं, ते तिनं अंगठ्यानं पुसलं. एक वाजेपर्यंत तीसच जोडून झाले. शिवण जाडी होती, हिरव्याखालचा वांगी भलताच दिसत होता, आणि मध्ये तारखेचे अर्धे आकडे लोंबत होते. असला माल ताईनं आयुष्यात केला नव्हता.

गर्दी येऊ लागली. धाकट्यानं जोडलेले मफलर खांद्यावर टाकले. पाहुण्यांचं गेट स्टेडियमच्या पलीकडे होतं. तो दहा पावलं गेला असेल.

"छोट्या," ताईनं हाक मारली. "घरी ये. मॅच करून ये."

शब्द बाहेर पडले आणि तिला ते ओळखू आले. तेच होते. धाकटाही जागच्या जागी थांबला. मग तो वळला, परत आला, आणि खांद्यावरचे तीसच्या तीस मफलर काढून त्यानं शिट्टीवाल्याच्या गळ्यात घातले.

"चल," तो ताईला म्हणाला. "आधी घरी."

सामन्याच्या दिवशी, ऐन गर्दीत, ताईनं गाठोडं उचललं आणि धाकट्यानं बॅग. तीन जिने चढताना दोघं दोनदा थांबले. उजेडाच्या खोलीत धाकटा यंत्रापुढे आईच्या स्टुलावर बसला आणि मूठ डावीकडून उजवीकडे ओढून बघितली.

"तेल घालतेस वाटतं याला."

"घालते."

तो मूठ पुन्हा पुन्हा ओढत राहिला आणि ताई चहाचं आधण उतरवायचं विसरून तो आवाज ऐकत राहिली. तीन वाजून गेल्यावर कधीतरी स्टेडियमकडून मोठा गलका झाला आणि खिडकीची काच थरथरली.

"गोल," धाकटा म्हणाला. "कुणाचा असेल?"

"कुणाचा का असेना," ताई म्हणाली. "तू बस."