कपाटातला माणूस आणि शांतवनभाऊ

सांगाड्याचं कपाट उघडण्याआधी शांतवनभाऊ दारावर बोटानं दोनदा टकटक करायचे. मग हलक्या आवाजात म्हणायचे, "चला बाबा, पोरं आली." मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झालो, त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं. मला वाटलं, आत कुणी झोपलंय की काय. कपाट उघडलं तेव्हा आत लोखंडी दांड्याला टांगलेला सांगाडा होता आणि त्याच्या खांद्यांवरून धुतलेलं पांढरं धोतर पांघरलेलं होतं. भाऊंनी धोतर काढलं, घडी घातली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"कुणाशी बोलत होता?" मी विचारलं.

"ह्यायच्याशी, सर."

"अहो, सांगाडा आहे तो."

"हो जी. पन मानसाचाच हाय ना."

पांढरकवड्याजवळच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेचे परिचर होते. केळापूरहून सायकलनं यायचे. उंच, काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. घराणं दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. परीक्षानळ्या, मेणबत्त्या, ॲसिडच्या बाटल्या हे सगळं त्यांच्या ताब्यात, पण जीव त्या सांगाड्यावर. तो खऱ्या हाडांचा होता. जुन्या काळी खरी हाडं विकत मिळायची, तेव्हा कुणीतरी आणलेला. पोरं त्याला बाबूराव म्हणायची. भाऊंना ते आवडत नसे. "नाव हाय त्याले," ते म्हणायचे, "आपल्याले ठाऊक नाही, एवढंच."

एकदा त्यांनी मला सांगाड्याची डावी नडगी दाखवली. हाड मध्येच जाड आणि किंचित वाकडं होतं. मी वर्षानुवर्षं ते हाड पोरांना दाखवत आलो होतो, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. भाऊ म्हणाले, "ह्यायचा पाय मोडलता, सर. मंग जुळला. म्हंजे कोनीतरी बांधून देल्ला, दोन महिने बसल्या जागी खाऊ घातलं. आपलं मानूस होतं ह्यायले." दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ते धोतर घरी न्यायचे आणि त्यांची बायको रूथबाई ते धुऊन, नीळ देऊन परत पाठवायची.

मी हुशार होतो. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नसे. हुशार माणसाला असा परिचर मिळाला की त्याची जीभ वळवळू लागते. नववीच्या वर्गात बरगड्या शिकवताना मी भाऊंना पुढे बोलावलं. "तुमच्या शास्त्रात लिहिलंय ना, देवानं पुरुषाची बरगडी काढून बाई केली? मग पुरुषाला एका बाजूला एक कमी पाहिजे. मोजा बरं." पोरं आधीच हसायला लागली होती. भाऊंनी हात पुसले आणि खरंच मोजलं, मोठ्यानं, दोन्ही बाजूंनी. बारा आणि बारा. वर्ग खदखदून हसला.

भाऊ हसू ओसरेपर्यंत थांबले. मग मला म्हणाले, "बाराच हाय, सर. पन ज्याचं बोट कापलं, त्याच्या पोराले बोट कमी येते काय?" आता वर्ग पुन्हा हसला, आणि या वेळी माझ्यावर. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मग भाऊ, बरगडीच काहून?" भाऊ म्हणाले, "बाई बाजूनं चालनारी हाय, म्हनून बाजूतून घेतली. पायातून नाही घेतली, बाई." मी तास पाच मिनिटं आधीच संपवला. ते हसू मी मनात जपून ठेवलं. माझ्या पुढच्या वागण्यात त्याचाही वाटा होता, हे आता कबूल करायला हवं.

त्यांच्याशी वाद घालायला मला आवडायचं. माणूस कसा घडत आला, लाखो वर्षं कशी लागली, हे मी त्यांना मधल्या सुट्टीत ऐकवायचो. ते बाटल्या पुसत ऐकायचे. म्हणायचे, "माती किती वर्षं मळली, ते तुमाले ठाऊक, सर. मले तेवढं समजत नाही. मले एवढंच सांगितलं हाय का बाकी साऱ्यायले देवानं 'होवो' म्हटलं अन् ते झालं. मानूस करताना मातर त्यानं मातीत हात घातला, आपल्या रूपासारखा केला अन् नाकात स्वतःची फुंकर घातली. म्हनून मले कोनाबी मानसाले हात लावताना जरा भेव वाटते." मी म्हटलं, चोर-दरोडेखोरांना पण? ते म्हणाले, "त्यायलेही. मानूस बिघडला हाय, सर. सारेच बिघडलो. पन बिघडलं म्हनून करनाऱ्याचं बोट पुसत नाही." हे ऐकून मी स्टाफरूममध्ये नक्कल करून दाखवायचो. चांगली जमायची.

पुढे शाळेला प्लास्टिकचा नवा सांगाडा मिळाला. पांढराशुभ्र, दात असे की टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभावेत. जुन्याची पाठ दांड्यापासून सुटत चालली होती, म्हणून मोडक्या बाकांबरोबर तोही भंगारात द्यायचं ठरलं. त्या शनिवारी मी निकालपत्रकं भरत बसलो होतो. शांतवनभाऊ टेबलाशी येऊन उभे राहिले.

"सर, त्यायले भंगारात नका देऊ. ज्याले देवानं आपल्या रूपासारखं केलं, त्याले किलोवर कसं देता? मले द्या. मातीतून आला, मातीत ठेवतो."

"न्या," मी मान वर न करता म्हणालो. "घेऊन जा एकदाचे."

ते गेले नाहीत. "डेडस्टॉक रजिस्टरवर नोंद हाय त्यायची. कागद लागंन ना, सर?"

"कागदाचं मी बघतो. तुम्ही न्या."

शाळेच्या प्रत्येक वस्तूची नोंद त्या रजिस्टरात असते आणि संस्थेच्या ठरावाशिवाय ती शाळेबाहेर जात नाही. हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं. मी कागद केला नाही. विसरलो असं म्हणण्याचीही सोय नाही, कारण मला कंटाळा आला होता.

रविवारी प्रार्थनेनंतर भाऊंनी ती हाडं त्याच पांढऱ्या धोतरात बांधली, सायकलच्या कॅरिअरवर ठेवली आणि ख्रिस्ती दफनभूमीकडे निघाले. रस्त्यात गाठ सैल झाली आणि मांडीचं हाड बाहेर आलं. मागून मोटारसायकलवर येणाऱ्या दोघांनी मोबाईलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो पार मुकुटबनपर्यंत पोचला होता आणि खाली लिहिलं होतं की शाळेचा शिपाई जादूटोण्यासाठी हाडं नेतो. सोमवारी शाळेच्या फाटकाशी पन्नास-साठ माणसं उभी.

संस्थेच्या अध्यक्षांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक घेतली. मुख्याध्यापक महिन्याभरात निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी माझं नाव पुढे होतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांनी मला विचारलं, "सर, वस्तू तुमच्या विभागाची. तुम्ही परवानगी दिली होती का?"

मी म्हणालो, "नाही. मला याची काही कल्पना नाही."

एवढी दोन वाक्यं. बोलताना माझा आवाजही बदलला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. शांतवनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं. चालता चालता समोरच्या माणसाचा पाय घसरावा आणि आपला हात आपोआप पुढे व्हावा, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"शांतवन, कुणाला विचारून नेलं?" अध्यक्ष म्हणाले.

"नेलं मी, साहेब. पुरलं, प्रार्थना केली. जादूटोना काही नाही. चला, जागा दाखवतो."

"विचारलं कुणाला?"

"त्याचं उत्तर मले देता येत नाही, साहेब."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. विचारलं नाही असं म्हणणं खोटं झालं असतं आणि माझं नाव त्यांना घ्यायचं नव्हतं. अध्यक्षांनी स्वतः जाऊन जागा पाहिली, जमलेल्या लोकांना समजावलं, जादूटोण्याची आवई विरली. चोरी मात्र राहिली. सेवापुस्तकात ठपका आला आणि भाऊंना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवलं. पुढच्या महिन्यात मी मुख्याध्यापक झालो. पेढे त्यांनाही दिले. त्यांनी घेतले.

एकदा न राहवून मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं आणि विचारलं, "माझं नाव का नाही घेतलं?"

"तुमी भ्यालते, सर," ते म्हणाले. "भ्यालेल्या मानसाले आनखी काय ढकलावं? मातीचेच हावोत आपन. पानी पडलं का भिंत सरकते." मग दाराकडे वळता वळता म्हणाले, "तुमाले वाटंन तवा सांगजा. मले घाई नाही."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. पण आधी शाळेची तपासणी होती, मग दहावीचा निकाल, मग अध्यक्षांच्या घरचं लग्न. फाटकातून आत येताना ते उठून नमस्कार करायचे आणि मी मोबाईल कानाला लावायचो, पलीकडे कुणी बोलत नसलं तरी. भाऊ निवृत्त झाले तेव्हा ठपका असलेल्या माणसाला निरोप समारंभ द्यायचा नाही असं संस्थेनं ठरवलं. त्या कागदावर सही माझीच आहे. शेवटच्या दिवशी त्यांनी फाटकाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि "येतो, सर," म्हणून सायकलवर बसून गेले. मग मीही निवृत्त झालो. आता तर कुणाची भीती नव्हती. तरी गेलो नाही. लाज जुनी झाली की माणूस तिच्याशीही जुळवून घेतो.

गेल्या महिन्यात ते तापानं गेले. मला चौथ्या दिवशी कळलं. केळापूरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा रूथबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची आणून दिली. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, "न्या" म्हटल्यापासून "मला कल्पना नाही" पर्यंत.

त्यांचा हात सुपात थांबला.

"विचारलं होतं त्यायनं तुमाले?"

"हो. कागद लागेल का, हेही विचारलं होतं."

"अन् तुमी न्या म्हटलं."

"हो, वहिनी."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग हळूहळू सांगू लागल्या. ठपक्याची बातमी त्यांच्या चर्चच्या मंडळीत पोचली तेव्हा वडीलधाऱ्यांनी भाऊंना सांगितलं होतं की चोरी कबूल करा, पश्चात्ताप करा, तोवर प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत सगळ्यांत फिरणारी भाकर आणि प्याला, घेऊ नका. कबूल करायला चोरीच नव्हती, म्हणून भाऊंनी कबुली दिली नाही. शेवटपर्यंत ते मागच्या बाकावर बसले. भाकर आणि प्याला आला की मान खाली घालायचे.

"मीही त्यायच्याच बाजूनं होती, सर. मंडळीच्या," रूथबाई म्हणाल्या. "मी विचारलं, सरले विचारून नेलं का? त म्हनत, जाऊ दे रूथ. मले वाटे, मानूस खोटं बोलाले भिते म्हनून टाळते. मी म्हटलं, आपन गरीब हावोत, पन चोर नाही. सात वर्सं भाकर माह्या हातातून पुढं गेली. माह्या बाजूले बसलेला मानूस उपाशी."

मी हात जोडले. माफ करा म्हणालो. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

"हे मले सांगून काय होते?" त्या म्हणाल्या. "रविवारी मंडळीत या. उभं राहून सांगा, जसं आता सांगितलं. चाळीसक मानसं असतात."

"येतो," मी म्हणालो.

त्याला चार रविवार झाले. पहिल्या रविवारी पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी मी कपडे करून बसस्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. उरलेल्या दोन रविवारी घरातून निघालोही नाही. त्याऐवजी हे लिहीत बसलो. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही शांतवनभाऊंना कधी पाहिलं नाही आणि मलाही ओळखत नाही. त्या चाळीस माणसांनी मात्र सात वर्षं त्यांच्यावरून भाकर पुढे दिली आहे, आणि रूथबाई त्याच मागच्या बाकावर बसून दाराकडे पाहत असणार. उद्या रविवार आहे. उपासना दहाला सुरू होते, एवढं मी विचारून ठेवलं आहे.